दात घासायची डबी

९ जून, सोमवार

घशातून दुर्बीण घातली आज. जीभ अजून बधिर आहे, पाणी प्यायला गेलं की हनुवटीवरून गळतंय. पण उत्तर मिळालं एकदाचं. डॉक्टरांनी स्क्रीनवर फोटो दाखवला – आत लाल लाल आणि मधोमध पांढरट खड्डा. "नूतनबेन, चांदुं पड्युं छे." जखम. वजन कमी करायच्या ऑपरेशनमध्ये माझं अंड्याएवढं पोट ठेवलं, ते जिथे आतड्याला जोडलंय, बरोब्बर त्या शिवणीवर. म्हणजे गेला दीड महिना मी नाटक करत नव्हते. घरातल्यांनी ऐकून ठेवावं.

मग प्रश्न सुरू. अंगदुखीच्या गोळ्या खाता? नाही. बीडी-सिगरेट? हे हसले. तमाकू, गुटखा, मावो? मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले – "साहेब, आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा येत नाही." खरं आहे. ह्यांचे थोरले भाऊ, राघोभाऊजी, माव्याने गेले. अर्धा जबडा काढला होता, नळीने दूध घालायचो आम्ही. तेराव्याच्या दिवशी ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ह्या घरात तंबाखू आली तर आणणाऱ्यासकट बाहेर जाईल. सात वर्षं झाली. कुणाची टाप नाही.

डॉक्टर कपाळ खाजवत राहिले. "तो फिर क्यों?"

मला विचारताय? डॉक्टर कोण, तुम्ही की मी?

औषध दिलंय. कॅप्सूल फोडून आतले दाणे पाण्यात, शिवाय एक पांढरं दाट औषध, दिवसातून चारदा. आठ आठवड्यांनी परत दुर्बीण. जखम भरली नाही तर पुन्हा पोट उघडायचं, ती शिवण काढून नवीन घालायची. "बीजी वारमां जोखम वधारे," म्हणाले. दुसऱ्या वेळेला धोका जास्त. जिन्यात ह्यांनी माझा हात धरला. लग्नाला बावीस वर्षं झाली, सार्वजनिक ठिकाणी पहिल्यांदा.

१० जून

अर्धी इडली. तीही परत आली.

११ जून, बुधवार

आहारवाल्या मॅडमनी एक वही दिलीये. वेळ, काय खाल्लं, किती, त्रास – असे रकाने आखलेत. ती त्यांची. ही माझी. त्या वहीत "ताक ४० मिली" लिहायचं, आणि ह्या वहीत लिहायचं की ताक पिताना शेजारणीच्या घरून भरीत-भाकरीचा वास आला आणि मला तिचं दार फोडावंसं वाटलं.

लेकीचं, हर्षदाचं, सगळं शिक्षण गुजरातीत. मराठी अक्षर लावता लावता तिला जांभई येते. ते ह्या वहीचं कुलूप.

नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झालं तेव्हा ११८ किलो होते. आज ७१. लोक म्हणतात, नूतन, तू तर पोरगी दिसायला लागली. केस मूठ-मूठ गळतात ते पोरगीपणात मोजायचे का?

१४ जून, शनिवार

बसवत नाही. उभंही राहवत नाही. जेवून वीस मिनिटं झाली की बरगडीखाली कुणीतरी चिमटा घेऊन पिळतं. मग फेऱ्या मारायच्या. दार ते गॅलरी, गॅलरी ते दार. खालचे म्हणत असतील, वरची बाई काय दिवसभर दळण दळते की काय.

तरी दुपारी पॅसेजमध्ये बसलेच. मार्केटमधून भरतकामाच्या साड्यांचे गठ्ठे येतात, मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची. पर्वत पाटियाच्या आमच्या सोसायटीत सगळ्या खानदेशी बायका हेच करतात. तीन वाजले की कात्री खाली आणि डबी फिरते. मिसरी बोटावर घ्यायची, दातांवर फिरवायची, दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. तोंडच भरलेलं! दिवसातली तेवढीच शांतता. खरं सांगायचं तर जेवण सुटल्यापासून तोंडाला हाच एक चाळा राहिलाय. आधी सकाळ-संध्याकाळ दात घासायचे, आता सहा-सात वेळा होतं. भूक मरते, हात शांत होतो. ह्यांना ठाऊक आहे. डबी बाथरूमच्या फळीवर ब्रशच्या शेजारीच असते, महिन्याच्या सामानात हेच घेऊन येतात.

आज डबी मालतीबाईंची होती. समोरच्या दारातल्या. पन्नाशीच्या, बोलणं सगळं अहिराणीत आणि एवढं मोठ्याने की लिफ्टलाही कळावं. मार्चमध्ये त्यांनी माझंच बघून माझ्याच दवाखान्यात हेच ऑपरेशन करून घेतलं. "तुले पाहीसन मनी हिंमत व्हयनी," म्हणतात. त्यांना सही तेवढी येते. त्यांचा सात पानी फॉर्म मी भरला होता, दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर पर्स ठेवून. मधुमेह – हो. गुडघे – हो. तंबाखू – नाही. हे 'नाही' मी जरा ठसक्यातच लिहिलं होतं, दोन रेघा मारून. आम्ही खानदेशच्या बायका म्हणजे काय पिचकाऱ्या मारत फिरणाऱ्या नव्हे.

१९ जून, गुरुवार

सकाळी संडासला डांबरासारखं काळं. लोहाच्या गोळीमुळे असेल म्हणून गप्प बसले. अकरा वाजता भाजी घेऊन येताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधार. शुद्धीवर आले तेव्हा मालतीबाई माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि टोमॅटो खाली गेटपर्यंत गेले होते.

भरती केलंय. जखमेतून रक्त चाललंय म्हणे. हर्षदाकडून ही वही मागवली. तिला वाटलं रकान्यांची.

२० जून

रक्ताच्या दोन बाटल्या. कुणाचं असेल? ज्याचं असेल त्याचं भलं होवो.

२१ जून, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

इथे प्रज्ञा नावाची सिस्टर आहे. चोवीस-पंचवीसची, वडील उधन्याला रेल्वेत होते, मूळचे भुसावळकडचे. माझं मराठी ऐकल्यापासून मावशी-मावशी करते. सकाळी बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायला आली आणि माझं बोट तसंच धरून राहिली.

"मावशी, नखात काळं कशाचं?"

"अगं, दात घासले आत्ता."

"मिसरीने?"

"मग काय राखेने?"

तिने चिमटा बाजूला ठेवला. किती वेळा घासता, विचारलं. मी सांगितलं, सहा-सात. ती कॉटवर बसलीच. म्हणाली, "मावशी, मिसरी म्हणजे तंबाखूच."

मी म्हटलं, ती भाजलेली असते.

"भाजली म्हणून काय मेथी झाली?" माझ्या आजीचीही अशीच डबी होती, म्हणाली. हिरडीतून सगळं रक्तात जातं. तुमच्या जखमेला तेच खातंय, औषध कितीही घ्या. मग फाइल उघडून तिने तो रकाना मला दाखवला. तंबाखू – नाही.

"मला कुणी मिसरीचं विचारलंच नाही," मी म्हटलं. खोटं नाही बोलले. बीडी विचारली, मावा विचारला, गुटखा विचारला. दात कशाने घासता असं कुठल्या डॉक्टरने कुणाला विचारलंय आजवर?

ती हळू आवाजात म्हणाली, "बंद केली तर भरेलसुद्धा. दुसरं ऑपरेशन टळेल. तुम्ही सांगताय ना सरांना? सांगितलं की ते त्या हिशेबाने औषध देतील."

सांगते, म्हटलं. तिने विश्वास ठेवला. उद्यापासून तिची ड्यूटी खालच्या मजल्यावर.

२२ जून, रविवार

राउंड झाला. डॉक्टर आले, हे शेजारी उभे होते. डॉक्टरांनी परत विचारलं, नक्की काही सवय नाही ना? ह्यांनी परत तेच सांगितलं, छाती काढून. सुपारीचं खांडसुद्धा नाही. मी चादरीच्या कडेचा एक सुटलेला धागा ओढत बसले.

काय सांगायचं होतं मी? की साहेब, तंबाखू आहे. बाथरूमच्या फळीवर आहे. सात वर्षं ब्रशच्या शेजारी आहे. आणि ती दर महिन्याला हा माणूस स्वतःच्या पिशवीतून आणतो, जो आत्ता छाती काढून उभा आहे. भावाचा जबडा ज्याने पुसलाय, तो बायकोला –

नाही निघालं तोंडातून. नाही म्हणजे नाही.

२३ जून

घरी.

आईला फोन केला. मातोश्री उषाबाई पारोळ्याहून बोलत आहेत, आवाज टणक. विचारलं, आई, मला मिसरी कितवीत दिली तू? "सातवीत. दाढ दुखे तुझी. रात्रभर रडायची." मग म्हणाली, संपली का, देऊ का पाठवून कुणासोबत, घरची भाजलेली?

फोन ठेवला आणि हसले. हसताना बरगडीखाली दुखलं.

२५ जून, बुधवार

डबी खाडीत टाकली. पुलावरून. दोन बायका बघत होत्या, त्यांना वाटलं निर्माल्य. एकीने हात जोडले.

२६ जून

डोकं फुटतंय. हर्षदाला ताटावरून नाही नाही ते बोलले. ताटात तिच्या काय होतं, वरण-भात. तो तिला खाता येतो ह्याचाच राग. नंतर तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले पण माफी मागता आली नाही. ती आतूनच म्हणाली, "मम्मी, सूई जा थोडी वार." झोप म्हणे जरा.

रिकामं बोट दातांवर फिरवून बघितलं. मूर्खपणा.

२७ जून, शुक्रवार

संध्याकाळी बाथरूममध्ये गेले तर फळीवर नवीन डबी.

"संपलेली दिसली म्हणून आणली," हे बाहेरून म्हणाले. झाकणाला गोल चिकटपट्टी लावलेली, पिशवीत पूड सांडू नये म्हणून. हे मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं बांधतात, खिशात तपकिरी पट्टीचं रीळ कायम असतं. घरातली प्रत्येक वस्तू ह्यांनी ह्या पट्टीने चिकटवलीये. रिमोट, तेलाची बाटली, हर्षदाची चप्पल. आता माझी डबी. कडेला नखाने दाबून दाबून, एक सुरकुती नाही.

दोन दिवसांची मी. दोन दिवसांची उपाशी. धागा कापायच्या कात्रीने पट्टी कापली.

दोनदा घासली. तिसऱ्यांदा घ्यायच्या आधी आरशात बघितलं, तर एक हडकुळी बाई काळं तोंड करून उभी.

२८ जून

डबी बंद केली. फेकली तर हे परत आणतील, प्रेमाने आणतील. म्हणून कापलेल्या धाग्यांच्या गुंडाळ्यात घालून पर्सच्या तळाशी ठेवली. ह्यांना सांगितलं, डॉक्टरांनी आता फक्त पेस्ट सांगितलीये, मिसरी आणू नका. "बरं," म्हणाले. एवढंच. का, कशाला, काही नाही. ह्यांच्या डोक्यात ती पेस्टच्याच फळीवरची वस्तू आहे, माझ्याही होती की परवापर्यंत.

म्हणजे मी सोडणार. एकटी सोडणार. आणि कुणाला सांगणार नाही. जखम भरली तर सांगायची गरजच काय?

२ जुलै, बुधवार

पाचवा दिवस. बडीशेप चघळते, लवंग धरते. तीनच्या सुमाराला पॅसेजमध्ये जात नाही, गठ्ठा घरात घेऊन बसते. बाहेर डबी उघडल्याचा टक् आवाज येतो. फक्त तो आवाज. तेवढ्याने तोंडाला पाणी सुटतं आणि डोळ्यांनाही.

मालतीबाई दारातून ओरडल्या, "काय व नूतन, रुसनी का?" म्हटलं, डोकं दुखतंय.

६ जुलै

अख्खं धिरडं खाल्लं. लहानसंच, पण अख्खं. अर्धा तास घड्याळाकडे बघत बसले. काही झालं नाही.

१३ जुलै, रविवार

दवाखान्यात महिन्याची सभा. दर दुसऱ्या रविवारी ज्यांचं ऑपरेशन झालं ते आणि ज्यांना करायचंय ते जमतात. भिंतीवर माझाच बॅनर – डावीकडे पैठणीत मावत नसलेली मी, उजवीकडे पंजाबी ड्रेसमधली मी. खानदेशकडच्या पेशंटना मराठीत समजवायला मलाच उभं करतात. फेब्रुवारीतल्या सभेत मी जे काही ठोकून दिलं ते ऐकूनच मालतीबाई तयार झाल्या होत्या.

आज डॉक्टरांनीच माइकवर सांगितलं, आपल्या नूतनबेनला अल्सर झाला, एकही वाईट सवय नसताना झाला, तरी त्या हिमतीने लढताहेत. टाळ्या. पहिल्या रांगेत मालतीबाई दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होत्या. मागे खानदेशातल्याच सहा-सात बायका नवीन आल्या होत्या. त्यांच्यातल्या निदान चौघींच्या दातांच्या फटी काळ्या. आता मला तेवढंच दिसतं. पहिल्यांदा दात.

माइक माझ्या हातात होता. एक वाक्य. मिसरी घासू नका. चार शब्दसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, पाणी घोट घोट प्या, जेवताना पिऊ नका, चालायला जा.

परत येताना रिक्षात ह्यांनी विचारलं, एवढी गप्प का? म्हटलं, दमले. दमले नव्हते. स्वतःची लाज वाटत होती.

१९ जुलै, शनिवार

मालतीबाई दुपारी घरात आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या. "मना पोटमां आग पडस व." जेवल्यावर, बरगडीखाली. मग मिसरी लावली की जरा बरं वाटतं म्हणाल्या. हल्ली जास्तच लावते.

मी हातातली कात्री खाली ठेवली.

म्हटलं, दवाखान्यात जा. म्हणाल्या, जाऊन आले. योगेंद्र, म्हणजे त्यांचा मुलगा, घेऊन गेला होता. तिथल्या ज्युनिअर डॉक्टरने फाइल बघितली, सवय काही नाही ना, नाही, मग गॅसच्या गोळ्या दिल्या. फाइल बघितली म्हणजे माझं अक्षर बघितलं. दोन रेघा मारलेलं 'नाही'.

मी म्हटलं, "मिसरी कमी करा, मालतीबाई."

"का व?"

आता सांगायचं होतं. इथे. दार लोटलेलं, घरात कुणी नाही. पण मालतीबाईंना सांगणं म्हणजे सोसायटीच्या लाउडस्पीकरला सांगणं. संध्याकाळी हे गेटमधून आत येईपर्यंत वॉचमनसुद्धा म्हणेल, गोपालभाई, तुम्ही बायकोला तंबाखू आणून देत होता म्हणे.

"दात ढिले होतात," मी म्हटलं.

त्या हसल्या. सगळे दात दाखवले. "दातस्नं ऱ्हाऊ दे, तू पोटनं सांग."

मी त्यांना ताक दिलं. ताक! काय बाई आहे मी.

२४ जुलै

दुखणं जवळजवळ गेलं माझं. वजन पाव किलो वाढलं तर हर्षदाने पेढ्याचा फोटो पाठवला मोबाइलवर. खाता येत नाही म्हणून फोटो. गोड आहे पोरगी. त्या दिवसाची माफी मागितली. "कौन से दिन की?" म्हणाली.

मी बरी होतेय ह्याचा आनंद व्हायला हवा. होतोही. आणि मग समोरचं दार दिसतं.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली, आम्हा खानदेशी लोकांची देवी. घराघरात नारळाला डोळे लावून, नथ घालून, चौरंगावर मांडली. पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू दळायचे, त्याचे रोट, पुरणपोळी, खीर. आणि रोट घरच्यांनीच संपवायचा. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही, टाकायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपला पाहिजे. आमच्याकडे माझा वाटा ह्यांनी खाल्ला. मी नखाएवढा तुकडा तोंडात धरून हात जोडले. कानबाईला म्हटलं, बुधवारी दुर्बीण आहे, तूच बघ.

मालतीबाईंकडे यंदा माणसं कमी. मोठा मुलगा इच्छापोरला कंपनीत, सुट्टी नाही मिळाली. त्या, योगेंद्र आणि सून, तिघांतच सगळा रोट. गाणी म्हणताना बघितलं, एक हात ताटावर, एक हात पोटावर. तरी आवाज सगळ्यांत वर.

६ ऑगस्ट, बुधवार

भरली!

खड्डा गेला. तिथे गुळगुळीत गुलाबी कातडी. डॉक्टर ज्युनिअर पोरांना बोलावून दाखवत होते. नवीन औषधाचा परिणाम, म्हणाले. ह्यांचा हात हातात घेऊन हलवला. दुसरं ऑपरेशन नाही. बाहेर आल्यावर हे पाण्याच्या मशीनकडे तोंड करून उभे राहिले, बराच वेळ, पाणी न पिता. खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "राघोभाऊसारखं होतं की काय वाटलं होतं."

त्याच क्षणी सांगून टाकावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी कळलं की आता तर कधीच सांगता येणार नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

आनंद चार तास टिकला. ठरवलं, मालतीबाईंना आज सगळं सांगायचं. ओरडू दे सोसायटीभर. ह्यांचं काय व्हायचं ते होवो, मी निस्तरीन. समोरचं दार वाजवलं. सून म्हणाली, रोट खाऊन अंग जड झालंय, झोपल्यात, उठवू का?

राहू दे, म्हटलं. उद्या येते.

उठवू का म्हणाली होती ती.

८ ऑगस्ट

राखीची गर्दी, मार्केटमधून साठ साड्या आल्या. उद्या.

९ ऑगस्ट, शनिवार

मालतीबाई सकाळी स्वयंपाकघरात उभ्याच्या खाली बसल्या. पोट लाकडासारखं. आम्ही चौघं त्यांना घेऊन गेलो – योगेंद्र, सून, हे आणि मी. शिवणीवरची जखम आरपार फुटलीये. आत नेलंय.

डॉक्टर टोपी घालता घालता बाहेर आले. "तमाकू? कंई पण?" योगेंद्र म्हणाला, "नाही साहेब, आमच्यात कुणीच नाही. रोट जास्त झाला." सगळ्यांनी मान हलवली. ह्यांनीही. डॉक्टरांनी फाइल उघडली. माझं अक्षर.

मी पर्समधून धाग्यांचं गुंडाळं काढलं, सोडवलं, डबी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "ही. दिवसातून सहा-सात वेळा. त्यासुद्धा, मीसुद्धा. तंबाखूच आहे. फॉर्म मी भरलाय. जूनपासून मला माहीत आहे."

डॉक्टर डबी घेऊन आत धावले नाहीत. एक क्षण तशीच हातावर उलटी-पालटी करत उभे राहिले.

हे माझ्या शेजारी होते. झाकणाला अजून अर्धी तपकिरी पट्टी चिकटलेली होती.

ह्यांनी ती ओळखली.